निळ्या काठाची पांघरुणं

रविवार, ४ जानेवारी

आज उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सगळ्या मंडळीसमोर मला उभं केलं. चर्चच्या मागच्या खोलीत इतकी वर्षं मोडक्या खुर्च्या आणि उंदीर सुखाने नांदत होते. ती खोली आता माझ्या ताब्यात. तिथे कपडे, पांघरुणं, भांडी जमा करायची आणि गरजूंना फुकट द्यायची. पाळकसाहेबांनी तिला 'प्रेमाचं भांडार' असं नाव दिलं. नाव गोडमिट्ट आहे, पण त्यांचं वयच काय! मी नुसतं भांडार म्हणणार.

घरी येताना यांना म्हटलं, "अहो, ऐकलंत ना? मला दिलं. मोठ्या बाईंना नाही." (मोठ्या बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. निवृत्त झाल्या तरी अजून सगळ्यांना विद्यार्थीच समजतात.)

"छान झालं," हे म्हणाले. संपलं. यांच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे घट्ट बसलेलं बरणीचं झाकण काढायचं. जन्मभर गिरणीच्या गोदामात यंत्रांचे सुटे भाग देत-घेत बसले, आता खिडकीत बसतात. चष्मा कुठेही ठेवतात म्हणून मी त्याला काळी दोरी बांधून दिली आहे.

मला या कामाची हौस का, ते इथे लिहून ठेवते. लहानपणी मी लोकांचे उतरलेले कपडे घालून वाढले. एकदा वर्गात एका मुलीने माझ्या फ्रॉकची कॉलर उलटी करून आत शिवलेलं स्वतःचं नाव सगळ्यांना दाखवलं होतं. माझ्या भांडारात असं कोणाच्या वाट्याला येऊ देणार नाही. प्रत्येक कपड्याची कॉलर मी आधी तपासणार.

बुधवार, ७ जानेवारी

खोली साफ झाली. मामा आणि मामी दिवसभर राबले. मामा म्हणजे चर्चचे राखणदार. घंटा वाजवणं, फाटक उघडणं, झाडलोट, सगळं तेच करतात. आवाराच्या कोपऱ्यातल्या एका खोलीत दोघं राहतात. कोणाचे सख्खे मामा आहेत कोणास ठाऊक, पण लहान-थोर सगळे मामाच म्हणतात.

फडताळं पुसताना मामी म्हणाल्या, "बाई, आम्हाला पण काही मिळेल ना यातलं?"

"अहो मामी, तुम्ही तर घरच्याच," मी म्हटलं. मग मनात आलं, घरच्यांनीच आधी उचललं तर बाहेरच्यांना काय उरणार? हे तोंडाने बोलले नाही.

कुलपाच्या दोन किल्ल्या. एक मामांकडे, एक आमच्या दारामागच्या खिळ्याला.

शनिवार, १० जानेवारी

पहिला दिवस. झुंबड उडाली. माझा घसा बसला. एका माणसाला मी स्वतःच्या हाताने जवळजवळ नवे बूट दिले. त्याने मला हात जोडले, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुपारी मोठ्या बाईंनी मुद्दाम घरी येऊन सांगितलं की तो माणूस तेच बूट दारूच्या दुकानासमोर विकत उभा होता. सांगताना त्यांचा चेहरा अगदी फुलला होता.

पुन्हा असं होऊ देणार नाही.

बुधवार, १४ जानेवारी

आजपासून नियम. मंडळीतल्या कोणातरी सभासदाच्या सहीची चिठ्ठी आणल्याशिवाय काही मिळणार नाही. एका घराला तीनच वस्तू. पाळकसाहेब आधी डोकं खाजवत होते, पण कमिटीला पटलं. खजिनदार म्हणाले, "ताईंच्या हातात असतं तर देशही सुधारला असता."

गोदामांच्या मागे राहणारी माणसं आली होती. ट्रकमधला माल उतरवणारी, ताडपत्रीखाली झोपणारी. एकाकडेही चिठ्ठी नव्हती. एक बाई कडेवर पोर घेऊन बराच वेळ उभी राहिली. पोराचं नाक वाहत होतं. मी तिला नीट समजावलं, ओरडले नाही. ती म्हणाली, "सही करणारं कोणी ओळखीचं नाही हो आमच्या." मी म्हटलं, "ओळख करून घ्या. रविवारी उपासनेला या." ती गेली.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एकीसाठी नियम मोडला की त्याला नियम कोण म्हणेल?

जेवताना यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिला चिठ्ठी कोण देणार?"

"तेच तर! ओळखपाळख नसलेल्यांना देऊन कसं चालेल?"

"पण ज्याची कोणाशी ओळख नाही, त्यालाच जास्त थंडी वाजत असेल."

यांना व्यवहारातलं काही कळत नाही. गिरणीत मात्र चिठ्ठीशिवाय एक खिळासुद्धा कोणाला दिला नाही कधी.

रविवार, १८ जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा. डॉक्टरीणबाईंनी कोरी करकरीत पांघरुणं पाठवली. जाड, सायीच्या रंगाची, चारी बाजूंनी निळा काठ. हात फिरवला तर फिरवतच राहावंसं वाटतं. सोबत त्यांचा एक लोकरी कोट, गर्द हिरवा. आतल्या अस्तराची शिवण थोडी उसवली आहे, तेवढंच.

पाळकसाहेबांचा उपदेश आठव्या आज्ञेवर होता. चोरी करू नको, हे आपण सगळे लहानपणापासून पाठ म्हणतो. पण ते म्हणाले, खिशात हात घालणारा तेवढाच चोर नाही. आपल्या कपाटात जे वापराविना पडून आहे ते कोणाच्या तरी अंगावर असायला हवं होतं, आणि ते आपण अडवून ठेवलं असेल तर तेही देवाच्या हिशेबी चोरीतच जमा. आणि ज्याने चोरी सोडली त्याने नुसतं हात बांधून बसू नये, कष्ट करावेत, म्हणजे दुसऱ्याला द्यायला जवळ काही राहील. फार सुंदर बोलले. पहिल्या बाकावर कारखानदार बसले होते. मी सारखी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांच्या कानावरची माशीसुद्धा उठली नाही.

हे खाली मान घालून ऐकत होते. मला वाटलं डुलकी लागली.

कोट घरी आणला आहे. शिवण मी स्वतः घालीन. असा कोट कोणालाही उचलून देण्याजोगा नाही. कोणी त्याचं पायपुसणं करायचं.

शुक्रवार, २३ जानेवारी

यांनी सकाळचं फिरणं सुरू केलं आहे. किती वर्षं मी कानीकपाळी ओरडत होते! आता मी उठायच्या आत बाहेर पडतात, जाताना बाजाराची मोठी पिशवी घेतात आणि येताना दूध आणतात. एक दूध आणायला एवढी मोठी पिशवी कशाला, म्हणून मी हसले. "असू दे," म्हणाले. चेहऱ्यावर जरा तकाकी आली आहे. कालच्या जेवणात गिरणीतला एक विनोदही सांगितला, अर्धा.

मी हिरवा कोट घालून बाजारात गेले. अस्तर नीट बसलं की नाही ते घातल्याशिवाय कळत नाही.

बुधवार, २८ जानेवारी

पांघरुणांची थप्पी खाली गेली आहे. मी दिली त्यांचा हिशेब माझ्या डोक्यात पक्का आहे. तरी दोनदा मोजली. मामांना विचारलं, "मामा, इथे कोणी आलं होतं?"

मामा झाडूकडे बघत म्हणाले, "माझ्यासमोर कुलूप कोणी तोडलं नाही, बाई."

"तोडलं असं मी कुठे म्हटलं?"

त्यावर मामा पुन्हा झाडायला लागले. मला ते आवडलं नाही. सरळ माणूस डोळ्याला डोळा देऊन बोलतो.

रविवार, १ फेब्रुवारी

आणखी गेली. बरोबर त्या निळ्या काठाचीच. जुन्या, विटलेल्या चादरींना हात लावलेला नाही. चोराला पारख आहे.

कुलूप शाबूत. किल्ल्या दोन. एक माझी. आता यात कोडं ते काय उरलं? मामींनी पहिल्याच दिवशी "आम्हाला पण मिळेल ना" म्हणून विचारलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही.

यांच्यापाशी बोलले. हे भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच बसून राहिले.

"मामा तसे नाहीत," म्हणाले.

"मग कोण? पांघरुणांना पाय फुटले?"

"असं समज, कोणी नेऊन गरजूलाच दिली असतील तर?"

"दुसऱ्याची वस्तू उचलून केलेलं दान कसलं? ती चोरीच. वर पुण्य मिळवण्याची हाव म्हणजे दुप्पट चोरी."

"ज्यांच्यासाठी आली होती, त्यांच्याचकडे पोचली असतील तर?"

"अहो, तुम्ही मामांची वकिली का करता?"

ताट तसंच ठेवून उठले. अंगात कणकण आहे म्हणाले. या वयात पहाटेच्या गारठ्यात फिरायला कोणी सांगितलं होतं?

बुधवार, ४ फेब्रुवारी

कमिटीची सभा झाली. मी जे पाहिलं तेवढंच सांगितलं, एक शब्द वाढवला नाही. मामांना आत बोलावलं. टोपी हातात घेऊन उभे राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं, "मामा, पांघरुणं तुम्ही घेतलीत?"

"नाही."

"मग कोणी घेतली, तुम्हाला माहीत आहे?"

मामांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. खजिनदार चिडले, "अहो, हो किंवा नाही म्हणा!"

"मी चोरी केली नाही. पुढचं मला विचारू नका. मी शब्द दिलाय."

"कोणाला शब्द दिला?" मोठ्या बाईंनी वर्गातल्यासारखं विचारलं. मामांनी मान हलवली, बस.

मामांनी फाटक उघडायचं, मामांनी लावायचं, त्यांच्याकडे किल्ली, आणि माहीत असूनही सांगायचं नाही. यापेक्षा कबुली वेगळी ती काय असते? कमिटीने त्यांना महिनाअखेरची मुदतही दिली नाही. पाळकसाहेब पोलिसांत जायला नको म्हणाले, ही त्यांची दया. मी पण त्यालाच दुजोरा दिला.

घरी आले तर हे दाराशी बूट घालून बसले होते. मी म्हटलं, "कुठे निघालात? झालं सगळं. मामांना काढलं." हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग एक-एक करून बूट काढले.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मामा-मामी गेले. हातगाडीवर सामान मावलं आणि वर जागा उरली. मी भांडारात होते, खिडकीतून दिसलं. ओझ्यात पांघरुणं दिसतात का ते पाहायला मी मान लांब केली, ते इथे खरं लिहिते. दिसली नाहीत. विकली असतील.

मामी जाताना भांडाराच्या दाराशी आल्या. मला वाटलं शिव्या देणार. त्यांनी फक्त किल्ली टेबलावर ठेवली.

शनिवार, १४ फेब्रुवारी

मामा गेल्यापासून एकही पांघरूण कमी झालेलं नाही. हा पुरावा नाही तर काय? मोठ्या बाईंनासुद्धा मानावं लागलं.

महिला मंडळात मला 'चोरी आणि दातृत्व' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी हिरवा कोट घालून गेले. लहानपणीच्या फ्रॉकची गोष्ट सांगितली, दोघी-तिघींनी डोळे पुसले. मी म्हटलं, देणाऱ्याने हात मोकळा ठेवावा, पण दार बंद ठेवावं. हे वाक्य सगळ्यांना फार आवडलं.

यांचं फिरणं बंद पडलं. पुन्हा खिडकी आणि हे.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आल्या आल्या लिहायला बसले आहे, चप्पलही काढलेली नाही.

आज गोदामांच्या मागच्या रस्त्याने आले. पुढे रस्ता खणला आहे म्हणून, नाहीतर मी त्या बाजूला कशाला जाते! ताडपत्रीच्या दोरीवर निळ्या काठाचं पांघरूण वाळत घातलेलं. शेजारच्या दोरीवर दुसरं. तिसऱ्यात एक म्हातारा गुंडाळून बसला होता. ती कडेवरच्या पोराची बाई पाणी भरत होती. पोर स्वच्छ दिसलं.

मी विचारलं, "हे कोणी दिलं तुम्हाला?"

ती घाबरली. "चोरलेलं नाही हो. एक बाबा देऊन गेले."

"कोण बाबा? टोपीवाले? चर्चचे राखणदार?"

"नाही, ते नाही. उंच आहेत. हळू बोलतात. सकाळी यायचे, पिशवी घेऊन. चष्म्याला काळी दोरी आहे बघा."

मग म्हणाली, "हल्ली येत नाहीत. बरे आहेत ना?"

मी "मला काय माहीत" म्हटलं आणि चालू लागले. चष्म्याला दोरी बांधणारी माणसं या गावात पुष्कळ असतील.

बुधवार, १८ फेब्रुवारी

नाहीत पुष्कळ.

भांडारातून परत आले तेव्हा हे शेंगा सोलत बसले होते. मी उभ्यानेच विचारलं, "पांघरुणं तुम्ही नेलीत?"

"हो."

इतक्या सहज म्हणाले की मलाच खुर्ची शोधावी लागली.

"खिळ्यावरची किल्ली घेऊन?"

"हो. मामांनी एकदा पाहिलं. मीच त्यांना म्हटलं, एवढ्यात कोणाला बोलू नका, मी स्वतः सांगेन."

"चोरी केलीत तुम्ही! आपल्या घरात, या वयात!"

"चोरी म्हण. मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांच्यासाठी आली होती त्यांच्यापर्यंत ती पोचत नव्हती. मी उचलून पोचवली."

"द्यायचंच होतं तर स्वतःचं द्यायचं!"

"आधी माझंच दिलं. दोन्ही स्वेटर, शाल, गिरणीतून निवृत्त होताना मिळालेला कोट. तुझ्या लक्षात आलं नाही."

मी कपाट उघडून पाहिलं. यांच्या बाजूचे हँगर रिकामे लटकत होते. रोज कपाट उघडते मी. माझी बाजू उघडते.

"आणि तो हिरवा कोट," हे म्हणाले, "तो तुझ्या अंगावर कसा?"

"दुरुस्तीला आणलाय."

"झाली दुरुस्ती?"

कोणी कोणाला जाब विचारायचा! मी एक कोट सांभाळून ठेवला, यांनी अख्खी थप्पी वाटून टाकली, आणि बोट माझ्याकडे!

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "आणि मामा? त्यांच्यावर आळ आला तेव्हा तुमची वाचा कुठे गेली होती?"

शेंगांची साल बोटांनी चुरत बसले.

"पांघरुणांचं मला काही वाटत नाही. मामांचं ते माझं पाप. मी कमिटीत यायला निघालो होतो. बूटही घातले. मग भीती वाटली."

"कमिटीची?"

"तुझी."

शुक्रवार, २० फेब्रुवारी

हे रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार म्हणतात. दोन दिवस मी समजावते आहे. मामा गेले ते गेले. माणूस कष्टाळू आहे, कुठेही पोट भरेल. पण आपण राहणार इथेच. डॉक्टरीणबाई काय म्हणतील? मुलीच्या सासरी कळलं तर? भांडाराला उद्या कोण एक सुई तरी देईल? त्या भांडारावर किती घरं अवलंबून आहेत, त्यांचा विचार नको? एका माणसाच्या अब्रूसाठी एवढ्यांच्या तोंडचा घास काढायचा?

हे म्हणाले, "अब्रू कोणाची काढलीस आणि कोणाची जपतेस, ते बघ."

आपण त्यांना गुपचूप काहीतरी नेऊन देऊ, असंही मी सुचवलं. त्यावर हसले. ते हसू मला सहन झालं नाही.

प्रार्थना करायला बसले. शब्द सुचले नाहीत. दमले असेन.

रविवार, २२ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहिते.

उपदेश संपल्यावर हे उठले. बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. आवाज नेहमीसारखाच बारीक, पण चर्चमध्ये इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "पांघरुणं मी नेली. घरच्या किल्लीने. गोदामामागच्या लोकांना दिली. मामांना ठाऊक होतं, पण मीच त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. त्यांनी शब्द पाळला आणि मी पाळला नाही. मामांना परत बोलवा. जी काही शिक्षा असेल ती मला द्या."

मी डोळे मिटून घेतले. आता आभाळ कोसळणार.

कोसळलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हुंदका दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, अगदी मोठ्याने, "केवढं मन आहे या माणसाचं!" पाळकसाहेब वेदीवरून खाली उतरून आले. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी यांचा हात हातात घेतला आणि मंडळीकडे वळून म्हणाले, "पाहिलंत? एका गरीब माणसाच्या चुकीवर आपल्या बंधूंनी स्वतःच्या अब्रूचं पांघरूण घातलं. दुसऱ्याचा अपराध आपल्या माथी घेणं यालाच आपण ख्रिस्ती प्रीती म्हणतो."

"नाही हो," हे म्हणाले. "मी खरंच नेली."

"कळतं आम्हाला," पाळकसाहेब म्हणाले आणि यांच्या खांद्यावर थोपटलं. "मामांना आम्ही मनातून केव्हाच क्षमा केली आहे."

"अहो, क्षमा कसली? त्यांनी काही केलंच नाही!" यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत मी तो चढलेला ऐकला नव्हता. "हिला विचारा. हिला सगळं माहीत आहे."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा."

मी उभी राहिले. काय सांगायचं ते मी ठरवलं नव्हतं, हे देवाशपथ खरं आहे. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत होत्या. मोठ्या बाई बघत होत्या. खजिनदारांच्या डोळ्यांत पाणी होतं, त्या माणसाच्या डोळ्यांत! असं प्रेमाने माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "यांचं मन फार मोठं आहे."

एवढंच म्हणाले आणि खाली बसले. लोक रडत होते. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं.

हे गाणं संपायच्या आत बाहेर निघून गेले.

घरी आल्यापासून मी ते वाक्य पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

भांडारात देणग्यांचा पूर आला आहे. यांच्या त्या दिवसाची गोष्ट गावभर झाली. कारखानदारांनीसुद्धा, ज्यांच्या हातून आजवर जुना रुमाल सुटला नव्हता, टेम्पो भरून माल पाठवला. ठेवायला जागा पुरेना, म्हणून कमिटीने मामांची खोलीही भांडाराला दिली. मी फडताळं करवून घेतली. भिंतीवर चुलीच्या धुराचा डाग होता, त्यावर चुना मारून घेतला.

रस्त्यात लोक थांबून यांना नमस्कार करतात. हे वाट बदलून जातात. लोकांना तोही नम्रपणा वाटतो.

गुरुवार, ५ मार्च

हे मामांना शोधून आले. पलीकडच्या धान्यबाजारात पोती उचलतात म्हणे. राखणदाराचं काम कोणी देत नाही. चर्चने चोरीसाठी काढलेला माणूस फाटकावर कोण ठेवेल? छातीत कळ येते, पोतं खाली ठेवून बसावं लागतं, मग मुकादम बोलतो.

मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणाले?"

"म्हणाले, भाऊ, तुम्ही सांगितलंत ना, झालं मग. लोकांना ऐकायचं नाही त्याला तुम्ही काय करणार." आणि म्हणाले, "त्यांनी मला पाणी दिलं. स्वतःच्या तांब्यातून."

मग हे ताटावर बसले. पूर्वी जेवणाआधीची प्रार्थना हेच मोठ्याने करायचे. हल्ली करत नाहीत. नुसते जेवतात. मी माझ्यापुरती मनात करते, पण एकटीने केलेली ती मला अर्धीच वाटते.

पाळकसाहेबांकडे जाऊन बोलावं का, असा विचार आज दोनदा आला. आता बोलले तर त्या दिवशी का नाही बोलले, हे आधी सांगावं लागेल. ते कसं सांगायचं, मला येत नाही. शिवाय या आठवड्यात नव्या खोलीचं उद्घाटन आहे.

बुधवार, ११ मार्च

आज रांगेत मामी उभ्या होत्या.

मी आधी ओळखलं नाही, इतक्या वाळल्या आहेत. पण मी कामाची बाई आहे, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. त्यांचा नंबर आला. चिठ्ठी नव्हती. मी म्हटलं, "असू दे मामी, तुमची चिठ्ठी मी लिहिते." लगेच लिहिली, सही केली. मागच्या बायका बघत होत्या. कारखानदारांकडून आलेल्यातलं सगळ्यात जाड पांघरूण काढलं, दोन साड्या, मामांसाठी स्वेटर, आणि वर एक पातेलं. तीनच वस्तूंचा नियम मी पहिल्यांदा मोडला. माझं मलाच बरं वाटलं. देताना किती हलकं वाटतं माणसाला! हे मी पुन्हा कधीतरी मंडळात बोलायला हवं.

मामींनी कशालाही हात लावला नाही.

"बाई, हे नको मला," त्या म्हणाल्या. हळूच बोलल्या, मागच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. माझीच लाज राखत होत्या जणू. "तुम्ही कमिटीत एक वाक्य बोला. मामांनी घेतलं नाही, एवढंच. बाकी कोणाचं नाव घेऊ नका. ते रोज विचारतात, अगं, बाईंना तर माहीत आहे ना?"

मी म्हटलं, "मामी, ते आता माझ्या हातात नाही."

"मग कोणाच्या हातात आहे?"

मागून कोणीतरी "चला, पुढे सरका" म्हणालं. मामींनी पदर सावरला आणि रांगेतून बाहेर पडल्या. मी हाक मारली, "अहो, सामान तरी घेऊन जा!" त्यांनी वळून पाहिलं नाही. माणसाला एवढा ताठा बरा नाही. आपण चांगल्या मनाने द्यावं आणि समोरच्याने असं झिडकारावं, हे मनाला फार लागतं. देणाऱ्यालाही मन असतं.

पुढची बाई त्या पांघरुणाकडे बघत होती. मी तिच्याकडे चिठ्ठी मागितली. तिच्याजवळ नव्हती.

मी पांघरुणाची घडी घातली आणि ते परत फडताळात ठेवलं. बंद करताना सगळं मोजून पाहिलं. आज एकही वस्तू कमी भरली नाही.